गुडघ्यावरचं ठिगळ

प्रिय दादा,

तुझी चर्चची काळी पँट दुरुस्तीला आली. मी पडले शिंपीण, कापड हातात आलं की माणूस कळतो. मंडळीत तुझ्या प्रार्थनेचा केवढा बोलबाला! पण पँटीचे गुडघे कोरे करकरीत, आणि बसायची जागा तेवढी विरलेली. मला हसू आवरेना रे.

गेल्या रविवारी हे मला घ्यायला चर्चच्या दारात आले, तर तू सगळ्यांदेखत म्हणालास, "दाजी, देवाला कधीतरी तोंड दाखवत जा." हे गप्प राहिले. मी नाही राहणार.

रविवारी ह्यांची इस्पितळाच्या वॉर्डात ड्यूटी असते. ज्यांना घरचेही शिवत नाहीत, त्यांचे पाय हे गुडघे टेकून धुतात, धुताना पुटपुटत प्रार्थना करतात. ह्यांच्या गुडघ्यांवर यंदा सहा ठिगळं लावली मी, आणि दर वेळी माझीच कॉलर ताठ झाली. प्रभूनेही शिष्यांचे पाय उभ्याने धुतले नसतील, दादा.

हे पत्र तुझ्या खिशात घालणार होते. पण कागद चांगला जाड आहे. सातव्या ठिगळाचा नमुना ह्यावरच कापते.

तुझी धाकटी बहीण,
वॉर्डबॉयची बायको