तुझ्या घराची तपासणी मीच केली

वडगाव, बेळगाव

चि. विक्रम यास मंगलआक्काचे पोटभर आशीर्वाद. आम्ही दोघंही ठीक आहोत. माझी साखर थोडी चढली आहे, तुझ्या दाजींचा आवाज थोडा उतरला आहे (घरात दोघांपैकी एकानंच बोलायचं असं आमचं ठरलेलं आहे). तुझा रक्तदाब काय म्हणतो? नीलमचा गुडघा? फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. माझा फोन तू नीलमला ऐकू जाईल असा स्पीकरवर लावतोस, हे मला चांगलं ठाऊक आहे. पाठीमागून तिचं 'हं' ऐकू येतं. पत्र तरी तू एकट्यानं वाचशील, निदान पहिल्यांदा.

वास्तुशांतीची पत्रिका मोबाइलवर मिळाली. छान आहे, गणपती ठळक आला आहे. पण दुसऱ्याच दिवशी तुझा फोन, 'आक्का, तू कशाला दगदग करतीस, व्हिडिओवर दावतो की सगळं.' विक्रम, चाळीस वर्षं मी मागावर बसले. एक धागा सैल पडला तर बोटाला आधी कळतं. तुला माझ्या दगदगीची काळजी कधीपासून? श्रावणात साखरेपायी माझा पाय कापला तेव्हा दवाखान्यात तू आलास, त्या दिवशीसुद्धा 'पार्किंग लांब पडतंय' म्हणून पाऊण तासात उठलास. मला वाटलं, नीलमच्या कोल्हापूरच्या माहेरचे लोक येणार, त्यांच्यासमोर ही चाकाची खुर्ची आणि त्यात मी, हे तुम्हाला नको आहे. म्हटलं, आधी घर बघू, मग रागवू.

म्हणून गेल्या मंगळवारी आम्ही निपाणीला येऊन गेलो. दचकू नकोस. दाजींना शपथ घातली होती. एसटीच्या पायऱ्या किती उंच असतात ते तुला कळायचं नाही, तू पुण्याच्या गाडीत झोपूनच जातोस. मी पाठमोरी बसून एकेक पायरी वर सरकले. कंडक्टर आणि आणखी दोघं उचलायला धावले, त्यांना मी हात लावू दिला नाही. दाजींनी खुर्ची दुमडून वर घेतली. आत बघते तर खुर्चीचं चित्र रंगवलेल्या सीटवर एक धडधाकट गृहस्थ, गळ्यात ओळखपत्र, मांडीवर फायली, खुशाल पेपर वाचत बसलेला. मी त्याला असं धुतलं की पुढच्या दोन सीटा गप्प झाल्या. त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. 'बघा आक्का, ह्यो पायबी तसलाच हाय.' आणि पाय तरी कसला! शिबिरात मिळालेला माझा नकली पाय माझ्यापेक्षा चार छटा गोरा, टोचतो म्हणून कपाटात पडलेला. त्याचा कसा अगदी रंगाला रंग. (माझ्या मापाचा आणि रंगाचा पाय दुसऱ्या कुणाला गेला असणार, असा माझा पहिल्यापासून संशय आहे.) मी माफी मागितली, त्यानं सरकून जागा दिली. अमरदीप नाव, निपाणीच्या एका बँकेत असतो. त्यानंच मला सांगितलं की पायरीच्या एका फुटाच्या उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो, त्याहून उभा केला तर खुर्ची मागं कलंडते. बारा फूट! मला वाटायचं फळी टाकली की झालं. त्याच्या बँकेतला उतार म्हणे लोकांनी मोटारसायकली वर चढवायला वापरून मधोमध खचवला आहे.

तो अर्धा दिवस रजेवर होता, म्हणाला, चला, बघू तुमच्या भावाचं घर. म्हणून आम्ही तिघं तुझ्या दारात आलो आणि मी पिशवीतून लुगडी मोजायची टेप काढली. तुझा शामू गवंडी वरून धावतच खाली. अमरदीपचं ओळखपत्र, फायली, माझी खुर्ची आणि माझा चेहरा बघून त्यानं स्वतःशी काय ठरवलं देव जाणे, पण 'म्याडम, समदं नियमानं केलंय बघा' असं म्हणत त्यानं सिमेंटची पोती बाजूला ओढली, चहा मागवला, बिस्किटं फोडली. दाजींना त्यानं 'डायवर, तुमीबी घ्या' म्हटलं. मी काही खुलासा केला नाही. खोटं बोलले नाही, फक्त टेप धरली. घर बघायचंय म्हटल्यावर म्हणाला, चौघंजण मिळून अल्लाद उचलतो. मी म्हटलं, 'मी कपाट हाय व्हय रं?' मग जरा आवाज चढवून विचारलं, इथं उतार का केला नाहीस? बिचारा रडकुंडीला आला. म्हणाला, 'म्या मालकास्नी इचारलं हुतं. मालक म्हनले, आमच्यात कोन हाय तसलं?'

चहा चांगला होता, पण मी अर्धाच ठेवला. परतीच्या बसमध्ये सगळ्या वाटेनं मी महिने मोजत होते. पाया काढला अक्षय तृतीयेला. तेव्हा माझे दोन्ही पाय होते, तेव्हाचं बोलणं असेल तर तुझं बरोबर. पण पायऱ्या बसल्या संक्रांतीनंतर. तोवर माझा पाय जाऊन पाच महिने झाले होते. तू मुद्दाम म्हणाला नसशील. विसरला असशील. मला ते विसरणंच जास्त लागलं, हे स्पष्ट लिहिते.

आणि संध्याकाळी तुझा घाबराघुबरा फोन. घराची सरकारी तपासणी झाली, खुर्चीवरची एक लई खडूस बाई आली होती, बांधकाम अडवतील काय, तुझ्या ओळखीचं कोणी आहे का बेळगावात. मी 'बघते' म्हटलं. बघितलं. ओळखीची आहे, पण ऐकणारी नाही.

नीलमला नमस्कार. गुडघ्याला शेक दे म्हणावं.

तुझी,
मंगलआक्का

ता. क. तीन पायऱ्या, सात-सात इंचाच्या. म्हणजे एकवीस फूट उतार. फाटकापासून दार नऊच फूट आहे, तेव्हा भिंतीच्या कडेनं दोनदा वळवावा लागेल, नीलमच्या फुलझाडांची जागा जाईल. कठडा दोन्ही बाजूंनी. वास्तुशांतीला महिना आहे, शामू आठ दिवसांत करतो म्हणाला (मी विचारून ठेवलं आहे). मला दारातून माझी मी आत यायचं आहे. उचलून नाही.

ता. क. दुसरा. हे लिहायचं नव्हतं. आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तू तिच्या खुर्चीसाठी सागवानी फळी आणली होतीस, आमच्या उंबऱ्यावर टाकायला. मीच म्हटलं होतं, येणारे-जाणारे अडखळतील, आणि तिला आता बाहेर काय करायचंय? फळी मी सुताच्या गाठोड्यांखाली घातली. आईनं गल्ली खिडकीतूनच बघितली, एकदाही कुरकुरली नाही. काल दाजींनी ती फळी काढली, मी पुसली. आज सकाळी तिच्यावरून मी एकटी अंगणात गेले. उंबरा सहा इंच, फळी सहा फूट. तेव्हा तुला हे माप कुणी सांगितलं होतं ते कळव. पत्रानंच कळव, फोनवर मला बोलता यायचं नाही.