मापाचं अंडं

यवतमाळ, मंगळवार संध्याकाळ, जानेवारी १९६०

राजूरच्या खाणीवरच्या साहेबाले उकडलेलं अंडं उभं ठेवून चमच्यानं खा लागते. त्यासाठी मी लाकूड खरादून वाटी केली, आमच्या कोंबडीच्या अंड्याच्या मापाची. आज साहेबाचं अंडं त्यात बसलंच नाही. काठावर डुगडुगलं, चमचा लागताच त्याच्या मांडीवर. आपल्याच कोंबडीवर कायले विसंबलो मी?

साहेबानं मापासाठी एक उकडलेलं अंडं सोबत दिलं. घरी ते ताटलीत ठेवून हात धुवाले गेलो. आलो तं ताटलीत टरफलं, अन् अब्बा मीठ मागून राह्यले.

"अब्बा, ते मापाचं होतं. केवढं होतं, तेवढं तरी सांगा."

अब्बानं बराच विचार केला.

"दोन घासाचं," म्हणे.