शरिफाबींची तबकडी

गुरुवार, ५ जानेवारी १९६१

नक्की झालं. पाचवी तबकडी वाजणार नाही! वाचनालयाचा चिटणीस सिद्धलिंग यानं स्वतः सांगितलं — भर चौकात, सायकलवरून न उतरता.

येत्या पंधरा तारखेला, रविवारी, वाचनालयात माझा कार्यक्रम आहे : ‘माझ्या आवडत्या तबकड्या’. ग्रामोफोन मी न्यायचा, तबकड्याही मीच, आणि प्रत्येकीबद्दल चार शब्द बोलायचे. कल्पना त्यांचीच. कुठल्या कुठल्या वाजवणार ते विचारलं, मी सांगितलं. आज निकाल लागला. चार पास, एक नापास.

“काका, ती दखनी उर्दूतली कशाला? मराठी राज्य येऊन वरीस न्हाय झालं. लोक म्हणतील निजाम परत आला.”

“बांगड्या भरणाऱ्या बाईच्या गळ्यातून?” मी म्हटलं. “निजाम कसा असतो ते मी गुलबर्ग्याच्या तुरुंगात बसून पाहिलंय. तू तेव्हा सोलापूरला मामाकडं होतास ना?”

सायकल पुढं गेली.

सोलापूरच्या दैनिकासाठी बातम्यांचं पाकीट रोजच्यासारखं गाडीच्या कंडक्टरजवळ दिलं. गारठा, ज्वारीवर चिकटा, तुळजापूरच्या घाटात एक ट्रक उलटला. बातम्या वेळेवर गेल्या. राग इथंच राहिला.

शुक्रवार, ६ जानेवारी

तबकड्या पुसल्या. काय बोलायचं ते ठरवायला बसलो आणि लक्षात आलं, गाण्यातलं मला काही कळत नाही. राग ओळखता येत नाहीत. कुठली तबकडी माझ्या कुठल्या दिवसांची, एवढंच सांगता येतं.

कानडी वचनांची तबकडी वडिलांची. अडतीवरून आले, की पटका काढायच्या आधी ती लावायचे. मध्ये कुणी बोललं तर डोळे वटारायचे. वडिलांचा आवाज आता आठवत नाही. त्या गवयाचा आठवतो.

सनईची तडकलेली आहे. एका जागी सुई उडी मारते. त्याची इतकी सवय झाली, की सोलापुरात एकदा तीच तबकडी धड ऐकली तर वाटलं — वाजवणारा चुकला!

नाटकातलं पद तुरुंगातून सुटल्यावर बाजारातल्या हॉटेलात ऐकलं. चहा गार झाला तरी उठलो नाही. शेवटी हॉटेलवालाच म्हणाला, “घेऊन जावा घरी. हिच्यापायी गिऱ्हाईक बाकडं सोडत न्हाय.”

विनोदी संवादाची तबकडी कस्तुराबाईसाठी. आमची ही विनोद यायच्या आधीच हसते. मी तबकडी ऐकतच नाही, तिला ऐकतो.

आणि पाचवी शरिफाबींची. काकणांच्या गल्लीत दुकान आहे त्यांचं. नवरीचा चुडा भरताना गायच्या — नवरी कुणाचीही असो, आमची, त्यांची. पोलीस ॲक्शनच्या आधी, बऱ्याच आधी, हैद्राबादला एका कंपनीनं ते चुड्याचं गाणं त्यांच्याकडून भरून घेतलं. वर कागद चिकटवला : ‘मिस शरिफ, हैद्राबाद’. पण गाणं संपतं, आणि तबकडी थांबायच्या आत बाई खणखणीत बोलतात — “शरिफाबी! उस्मानाबाद!” कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. कुणाला अडवताही आलं नाही.

पोलीस ॲक्शननंतर मी सुटून आलो तेव्हा गल्ली बंद होती. आम्ही लढलो ते या माणसांशी नव्हे, पण मार यांनीच खाल्ला. त्या साली गावात हिरवा चुडा भरायला कुणी नव्हतं. नवऱ्या सोलापूरच्या बांगड्या घालून बोहल्यावर उभ्या राहिल्या. त्याच दिवसांत बाजारात जुन्या सामानाच्या ढिगात ही तबकडी दिसली. घरी आणून लावली. शेवटचे दोन शब्द ऐकले आणि वाटलं, गाव अजून आहे.

हे सिद्धलिंगला कसं सांगायचं? आणि का सांगायचं!

शनिवार, ७ जानेवारी

निरोप धाडला : पाच, नाहीतर एकही नाही.

रविवार, ८ जानेवारी

उलट निरोप आला — “नाव न घेता वाजवा. लोकगीत म्हणून.” पाघळला!

कस्तुराबाई म्हणते, “अर्धं जिंकलात, आता गप बसा.” अर्धं कशाला? मी कळवलं, नाव मी घेणार नाही, त्या स्वतःच घेतात.

सोमवार, ९ जानेवारी

जैनोद्दीन आला होता. शरिफाबींचा मुलगा, तहसिलीत कारकून. चहा घेतला नाही. ग्रामोफोनकडं बघत म्हणाला,

“साहेब, आमच्या रजियाची सोयरीक चाललीय. नळदुर्गची माणसं. खानदानी हायत. आईनं पूर्वी कंपनीत जाऊन गायलं, हे त्यांना ठाऊक न्हाय. कळलं तर उठून जातील.”

मी म्हटलं, गाण्यात वावगं काय आहे? त्यानं मान वर केली.

“काहीच न्हाय. पण तुमची लढाई सिद्धलिंगशी हाय. माझी पोर कशाला मधी ओढता?”

इतक्या वर्षांत संपादकानं माझ्या बातमीला असा प्रश्न केला नव्हता. 

मग तोच हळू म्हणाला, “गाणं वाजवा की. त्याला माझी ना न्हाय. नाव यायच्या आधी तेवढी सुई उचला. तुमचा हात हलका हाय.”

हो म्हणालो.

मंगळवार, १० जानेवारी

सुई उचलून बघितली. जमतं. गाणं संपतं, बाई श्वास घेतात, तेवढ्यात उचलायची. कुणाच्या लक्षात येणार नाही.

स्वयंपाकघरातून कस्तुराबाई ओरडली, “नाव कुठं गेलं?”

गुरुवार, १२ जानेवारी

संक्रांतीच्या बांगड्या भरायला शरिफाबी घरी आल्या. दर साली येतात. पेटी उघडली, कस्तुराबाईचा हात मांडीवर घेतला, आणि माझ्याकडं न बघता —

“कल्याणप्पा, सुई उचलनार म्हनं तुमी?”

मी जैनोद्दीनचं नाव काढलं. 

“त्याला इच्चारून म्या गायलं न्हवतं. तवा त्यो गल्लीत गोट्या खेळत व्हता. माझं नाव म्हंजी काय काकणाचा फुटका तुकडा हाय व्हय, झाडून टाकाया?”

“पण रजियाची सोयरीक, शरिफाबी…”

हात थांबले. बांगडी कस्तुराबाईच्या अंगठ्याशी अडकली.

“हात सैल सोड, पोरी,” त्या म्हणाल्या. आमच्या पोरीला पन्नाशी जवळ आली आहे! मग बांगडी आत सरकवून : “लपवून दिली, तर तिला जलमभर लपवावं लागल. आज्जीचं नाव निघालं की मान खाली घालायची. कशापायी? म्या काय कुनाची चोरी केली?”

दुसरा हात भरून झाला. पेटी मिटली. दारात वळल्या.

“उचलायची असल तर लावूच नका. लावायची तर शेवटपातूर.”

जैनोद्दीनला मी शब्द देऊन बसलोय, आणि मायलेकांचं दोघांचंही खरं आहे. पण गळा एकाचाच आहे, आणि ज्याचा गळा त्याचं नाव. सुई उचलणार नाही.

शुक्रवार, १३ जानेवारी

जैनोद्दीनला तहसिलीत गाठून सांगितलं. तोंडावरच सांगणं भाग होतं. तो फायली लावत राहिला. एवढंच म्हणाला, “आईचंबी तेच चाललंय. घरात मलाच कुनी इच्चारीत न्हाय.”

सिद्धलिंगलाही कळवलं : पाचही, पुऱ्या, नावासकट. तो म्हणाला, “बघू, काका.” हे ‘बघू’ मला ठाऊक आहे. पाटबंधारे खात्याच्या बातमीत मी ते दर उन्हाळ्यात लिहितो.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ द्यायला सिद्धलिंग आला नाही.

रविवार, १५ जानेवारी, दुपार

वाचनालयाला कुलूप. किल्ली सिद्धलिंगकडं, आणि सिद्धलिंग गावात नाही.

कार्यक्रम काकणांच्या गल्लीत! शरिफाबींनी पेट्या हलवून दुकान मोकळं केलंय. जैनोद्दीन सतरंजी टाकतोय, कुणाशी बोलत नाही. ग्रामोफोन पोचला.

नळदुर्गची मंडळी संध्याकाळच्या गाडीनं येताहेत. शरिफाबींनीच बोलावून घेतलीत. रजियाला विचारून. ती मला स्वतः म्हणाली, “आधी ऐकू द्या त्यांना, चाचा. मग ते ठरवतील मला न्यायचं का, आन् मी ठरवीन जायचं का.”

गाडी वेळेवर आहे, स्टँडवरून खात्री केली. ते बसले, की शरिफाबींची तबकडी पहिली लावायची.