मंगळवारची बैठक

डाळज, ता. इंदापूर
दि. ८ फेब्रुवारी २०२४

चि. संजीवनी हिला छबूआक्काचा आशीर्वाद.

तू खुशाल असशील. नावाच्या आधी सौ. लिहावं का काय कळंना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नको. फोन तीन येळा लावला, लागत न्हाय. माझा नंबर तू बंद करून ठेवलाय असं कुशाबाई म्हणाली. तुझा बारामतीचा पत्ता तिच्याकडनंच घेतला. अक्षर वाकडंतिकडं हाय, पण तूच शिकवलेलं हाय, लागंल तुला.

हितं सगळं ठीक. मंडळाचं हळदीकुंकू परवा झालं. विधवा बायांना पयला मान, ही तू लावलेली रीत अजून मोडलेली न्हाय. कुशाबाईनं ह्या वर्षी हिरव्या बांगड्या भरल्या. लेकानं तोंड फिरवलं, पण सून म्हणाली, आत्या, लई दिवसांनी हात भरल्यासारखा दिसतोय. म्हातारी दिवसभर हात पुढं करून सगळ्यांना दाखवत होती.

हायवेच्या ढाब्यामागं परत दारू सुरू झाली होती. चाळीस बाया घेऊन गेलो आणि कॅन ओतून दिलं. पेपरात फोटो आला. आठ मार्चला मंडळाला पंचवीस वर्षं होतात, हॉलच्या वरच्या मजल्याचं काम त्याच्या आत उरकायचं हाय. तालुक्याचे साहेब येणार. तू यावंस असं मला वाटतं. पयल्या अकरा बायांत तू होतीस. मागं झालं ते झालं.

एक काम होतं. बारामतीच्या दवाखान्यात आपल्या गावची सून हाय, सोनम. पळसदेवच्या दत्तोबांची लेक, आबासाहेबांच्या दिग्विजयची बायको. तू तिच्या लग्नात वाढाय होतीस. सत्तावीस जानेवारीला जिन्यावरनं पाय घसरला तिचा. ओली फरशी होती म्हणतात. पाठीचा मणका गेलाय, पाय हलत न्हाईत. तू जाऊन बघून ये. मला कार्यक्रमाच्या धावपळीत सवड न्हाय.

ती काय बोलली तर कळव. माझं नाव काढलं तर तेबी कळव.

तुझी,
छबूआक्का

०

डाळज
दि. १९ फेब्रुवारी २०२४

चि. संजीवनीस,

तुझी चिठ्ठी मिळाली. "सोनमला भेटले. आक्का, खरं लिहायचं असंल तरच लिहा." एवढंच. मी ती उशीखाली ठेवून चार दिवस काढले. आज लिहिते.

सवड न्हाय म्हणून मी दवाखान्यात गेले न्हाय, हे खोटं हाय. माझी हिंमत झाली न्हाय.

सोनम आपल्या मंगळवारच्या बैठकीला तीन येळा आली होती. पयल्यांदा गालावर वळ होता. आमी दिग्विजयला बोलावलं, समजावलं, त्यानं मान खाली घालून व्हय म्हणलं. दुसऱ्यांदा हात सुजलेला. तवाबी तेच. तिसऱ्यांदा ती सोळा जानेवारीला आली. अंगावर काय दिसत नव्हतं. पिशवीत कपडे होते आणि कडेवर तिची पाच वर्षांची पोरगी, संस्कृती. लेकीला खाली ठेवली आणि माझ्या पाया पडली.

"आक्का, मला तिकडं परत पाठवू नका. आता तो मारत न्हाय नुसता, सांगून ठेवतो. म्हणतो, एक दिवस जिन्यावरनं ढकलीन आणि पडली म्हणून सांगीन."

मी म्हणलं, "रागाच्या भरात माणूस काय बी बोलतं गं."

"तो रागात नव्हता. जेवताना बोलला."

संजे, माझ्या अंगावर काटा आला होता. खरंच आला होता. पण त्याच घडीला वर मिस्त्री ठोकत होते. जागा आबासाहेबांची, खडी आबासाहेबांची, आठ मार्चला मधल्या खुर्चीवर तेच बसणार. कुशाबाई वही काढाय लागली तर मी तिला म्हणलं, "लिहू नको, घरातली बाब हाय." आणि सोनमला म्हणलं, "आजवर एवढ्या बाया मी नांदाय लावल्या, तुझंबी नीट हुईल." पोरीला मी स्वतः कडेवर घेतलं आणि सोनमला हाताला धरून तिच्या दारापतूर नेऊन सोडली.

वाटंत तिनं हात सोडवून घेतला न्हाय. सोडवून घेतला असता तर बरं झालं असतं.

ओट्यावर आबासाहेब होते. म्हणाले, "आक्का, तुमच्यासारखी माणसं हायत म्हणून गावातले संसार टिकून हायत." चहा दिला. मी पिले. आणि मला बरं वाटलं, संजे. हेच मला चार दिवस लिहिता येत नव्हतं. त्या बोलण्यानं मला बरं वाटलं.

अकराव्या दिवशी ती पडली.

तीस तारखेला ठाण्यातनं हवालदारबाई आल्या. सहा बाया बसलो होतो. त्यांनी विचारलं, "ही तुमच्याकडं कधी तक्रार घेऊन आली होती का?" मी म्हणलं, "न्हाय. घर चांगलं हाय." बाकीच्या पाचीजणी खाली बघत होत्या. बाईंनी लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. तू गिरवून घेतलेली सही.

सोनमनंबी पाय घसरला असंच सांगितलंय, कारण पोरगी त्यांच्या घरात हाय. पण हळदीकुंकवाला संस्कृती आजीसंगं आली होती. कुशाबाई तिला तिळगूळ द्याय लागली तर म्हणाली, "माझी आई पडली न्हाय. पप्पानं ढकललं." कुशाबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं. मी म्हणलं, लेकरू हाय, काय बी बोलतं. त्या पत्रात तुला बांगड्यांचं सगळं लिहिलं, आणि हे लिहिलं न्हाय.

चार वर्षांमागं तू म्हणाली होतीस, ज्याच्या जागेत बसायचं त्याच्या घरच्या सुनेला न्याय कसा देणार. मी भर बैठकीत तुला म्हणलं, "तू स्वतः नांदली न्हाईस, तू दुसऱ्याचे संसार काय सांधणार." तू पिशवी उचललीस आणि गेलीस. त्या दिवशी मी तुला बोलले आणि त्या दिवशी मी सोनमला नेऊन सोडली, ते एकच हाय. बाईनं नवऱ्याचं घर सोडलं की माझ्या लेखी ती हरली. पंचवीस वर्षं मंडळ चालवून माझ्या डोक्यात हेच होतं. मी लई बायांना असं परत पाठवलंय. त्यातल्या कितीजणी जिन्यापाशी उभ्या हायत, मला ठाऊक न्हाय. रोज एकेकीचं तोंड आठवतं.

येत्या गुरुवारी बावीस तारखेला मी ठाण्यात जाऊन आधीचा जबाब खोटा होता म्हणून सांगणार. माझ्यावरबी केस हुईल म्हणतात. होऊ दे. घरात सांगितलं न्हाय. कुशाबाई येते म्हणाली. तू ये असं म्हणायचा हक्क मला न्हाय.

छबूबाई

०

पळसदेव
दि. २१ एप्रिल २०२४

संजीवनीस,

दत्तोबांच्या ओट्यावर बसून लिहितेय. त्या दिवशी ठाण्याच्या दारात तू उभी होतीस. माझ्याशी बोलली न्हाईस, पण आत माझ्या शेजारी बसलीस. मी सही करताना कागद धरलास. पुढचं सगळं तुला ठाऊक हाय. पोलीस घेऊन दत्तोबांनी नात घरी आणली आणि पोरगी हाती लागल्यावर सोनमनं खरा जबाब दिला. तुला ठाऊक न्हाय ते लिहिते.

हॉलला कुलूप लागलं. आठ मार्चचा कार्यक्रम झाला न्हाय. साठातल्या नऊ बाया उरल्या. बाकीच्यांनी नवं मंडळ काढलंय, आबासाहेबांची भावजय अध्यक्ष. मला त्यांचा राग येत न्हाय. त्यांना त्याच गावात राहायचं हाय.

दिग्विजय जामिनावर सुटून आला. वेशीपासनं गाड्या लावून आणला त्याला, माझ्या दारावरनं. फटाके उडवले.

आमच्या उसाला तोड आली न्हाय. सगळ्यांची टोळी येऊन गेली, कारखान्याचा हंगाम संपला, आमचा ऊस अजून उभा वाळतोय. माझा मोहन ताटावर बसला की एकच म्हणतो, "आई, तुला गप बसाय काय झालं होतं?" मी म्हणते, "गप बसले होते रं. म्हणून तर." तो उठून जातो.

सोनमला मार्चमध्ये हितं माहेरी आणली. डॉक्टरांनी सांगितलंय, आता उठायची न्हाय. पाठीला तळहाताएवढी जखम झालीय. दर दोन तासाला कूस बदलाय लागती, न्हाय तर जखम वाढती. तिच्या आईचा एक हात लुळा पडलेला, दत्तोबा भाजी घेऊन बाजारला जातात. मी पयल्यांदा आले तवा दत्तोबा दारात आडवे झाले.

"कशाला आलाय? अजून कुठं नेऊन सोडायचीय तिला?"

मी दारातच बसले. दुपारपतूर बसले. आतनं सोनमच्या कण्हण्याचा आवाज आला. आईला एका हातानं वळवता येईना. मी उठून आत गेले. कुणी अडवलं न्हाय.

मला बघून तिनं भिंतीकडं तोंड केलं. मी तिला कुशीवर घेतलं, जखम पुसली, पाठीमागं उशी लावली. तवा ती भिंतीकडं बघतच म्हणाली, "आक्का, मी तुमच्या पाया पडले होते."

मी म्हणलं, "व्हय."

त्यानंतर सव्वा महिना झाला, ती माझ्याशी बोललेली न्हाय. आईशी बोलती, लेकीशी बोलती. मी आले की गप. पण अंग आखडून घ्यायची तेवढं आता घेत न्हाय. मी रोज सातच्या वडापच्या जीपनं येते आणि शेवटच्या गाडीनं जाते. धरणाचं पाणी पार खाली गेलंय. जुनं देऊळ उघडं पडलंय, ते बघाय लोक गाड्या करून येतात. सोनमच्या घरावरनंच रस्ता जातो. हसत जातात. ते हसणंबी आता मला सोसत न्हाय.

मंगळवारी तेवढी दुपारची गाडी धरते. नऊजणी कुशाबाईच्या अंगणात बसतो. मागच्या मंगळवारी भिगवणकडची एक पोर आली, पोटुशी होती. सगळ्या माझ्याकडं बघाय लागल्या. शेवटी मी एवढंच विचारलं, "तुला कुठं जायचं हाय?" ती रडाय लागली. म्हणाली, हे मला कुणी विचारलंच न्हाय. कुशाबाईनं तिला तिच्या मावशीकडं पोचवली. मी संगं गेले न्हाय. कुणाचा हात धरून कुठं न्यायची मला आता भीती वाटती.

म्हणून लिहिते. ती बैठक तू चालव. माझ्यासाठी न्हाय. मी सतरंज्या टाकीन, पाणी भरीन, मागं बसीन. न्याय सांगायचा माझा हक्क गेला. तू न्हाईच म्हणालीस तरी मी समजून घेईन.

तू मला माफ कर असं मी लिहिणार न्हाय. सोनमलाबी म्हणले न्हाय. माफी मागितली की तिला उत्तर द्यावं लागंल, आणि एवढं ओझं तिच्यावर आणखी कशाला.

आतनं तिच्या आईनं हाक मारलीय. दोन तास झाले. तिला कुशीवर वळवायचं हाय.

उठते.

छबूबाई