खोली काढून घेऊन शेजार मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रशासकीय अधिकारी,
आस्थापना व जागावाटप विभाग,
पेशी संशोधन संस्था, मुख्य इमारत.

विषय : अर्जदारास सन्मानपूर्वक दिलेली स्वतंत्र खोली परत घेऊन मोठ्या प्रयोगशाळेत, किंवा माणसे असतील अशा कोणत्याही ठिकाणी, एक टेबल मिळणेबाबत.

संदर्भ : १. शीतकपाटात वापरलेला द्रव साठवल्याबद्दल खुलासा मागणारे आपले ज्ञापन.
२. वापरात नसलेली खुर्ची परत मागणारे भांडार विभागाचे पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही आपल्या संस्थेत यकृताच्या पेशींवर काम करणारी वरिष्ठ संशोधक असून, गेल्या वर्षी बढतीबरोबर तिला वरच्या मजल्याच्या टोकाची खोली देण्यात आली. खोलीला दार आहे, दारावर पाटी आहे, खिडकीतून पाण्याच्या टाकीची मागची बाजू दिसते. खोलीबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती खोलीत दुसरे कोणी नसण्याबद्दल.

१. त्यापूर्वी अर्जदार मोठ्या प्रयोगशाळेत काम करत असे. टेबलाच्या पलीकडे तंतुपेशी वाढवणारे वयाने मोठे सहकारी बसत, ज्यांना सगळी संस्था काका म्हणे. (आपणही म्हणत होतात.) तंतुपेशी म्हणजे अवयवाला आधार देणाऱ्या साध्या पेशी, त्यांचे कोणी कौतुक करत नाही. रीत अशी होती की, काकांच्या तंतुपेशींचा पातळ थर आधी डिशमध्ये बसू द्यायचा आणि त्यावर अर्जदाराच्या यकृतपेशी सोडायच्या. डिश इकडे सरकवताना काका म्हणत, "घे गं, अंथरूण घातलंय. निजव आता तुझ्या लेकींना." काकांच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असे, आणि अर्जदाराने त्याबद्दल त्या काळी आपल्याकडे एक तक्रारअर्जही दिला होता. तो कृपया फाईलमधून काढून टाकावा.

काका निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले. त्यांचे पद रद्द झाले, तंतुपेशी वाढवणे बंद झाले आणि अर्जदाराला बढती मिळाली. तिन्ही आदेश एकाच पाकिटात आले.

२. आता थोडे शास्त्र सांगणे भाग आहे, कारण ज्ञापनाचा खुलासा त्यातच आहे. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात. डोळ्याची जनुके यकृतातही असतात, फक्त तिथे ती बंद असतात. कोणत्या जनुकाची नक्कल उतरवायची आणि त्यावरून प्रथिन घडवायचे, हे ठरवणाऱ्या कळा, म्हणजे बटणे, त्याच डीएनएच्या धाग्यावर असतात. काही जनुकाला खेटून, काही फार दूर. दूरची कळ चालायची असेल तर धाग्याला वळसा पडतो आणि ती जनुकाजवळ येते. या कळा दाबणारी प्रथिने पेशीच्या आतलीच, पण त्यांतली कोणती कामाला लागतील हे पुष्कळसे बाहेरून ठरते : शेजारी कोण आहे, पेशी कोणाला टेकून बसली आहे.

यकृताची पेशी काढून एकटी डिशमध्ये ठेवली तर ती लगेच मरत नाही. अन्न मिळते, ऊब मिळते, वरून पाहता तिचे बरे चाललेले असते. पण थोड्याच दिवसांत ती यकृताची कामे सोडून देते. रक्तातले मुख्य प्रथिन ज्यावरून घडते ते जनुक जागच्या जागी असते, त्यातले एक अक्षरही हरवलेले नसते. त्याची नक्कल उतरवणे तेवढे कमी कमी होत जाते. घरात डबे भरलेले असूनही एकटे माणूस ओट्यापाशी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते, तसेच ते. तंतुपेशींच्या शेजारात मात्र याच पेशी कितीतरी जास्त दिवस आपले काम धरून राहतात.

३. ज्ञापनातील द्रवाबाबत खुलासा असा की, तो कचरा नसून काकांच्या शेवटच्या डिशमधले पाणी होते. ज्या पाण्यात दुसऱ्या पेशी राहून गेल्या त्यात त्यांनी सोडलेले बरेच काही असते, आणि एकट्या पेशींना ते घातले तर कधीकधी बरे वाटते. अर्जदाराने ते थोडेथोडे घालून पाहिले. विशेष उपयोग झाला नाही. या पेशींना नुसते शेजारच्या घरचे पाणी पुरत नाही, शेजारी अंगाला लागावा लागतो. मग उरलेली बाटली का ठेवली, असा ज्ञापनात रास्त प्रश्न आहे. बाटलीवरच्या चिकटपट्टीवर काकांच्या हातचे लिहिलेले होते, म्हणून ठेवली. शास्त्रीय कारण नाही. तपासणी पथकाने बाटली ओतून टाकली, त्याबद्दल अर्जदाराला वाईट वाटले आणि अजून वाटते.

४. खोली बदलून मागणाऱ्या अर्जदाराच्या पहिल्या अर्जावर आपल्या कार्यालयाने शेरा दिला होता की, जीवसृष्टीची सुरुवात एकट्या पेशीपासूनच झाली असल्याने एकांत हा निसर्गनियम आहे. शेऱ्याचा पहिला भाग बरोबर आहे. प्राण्यांचे एकपेशीय भाऊबंद आजही पाण्यात सुखाने नांदतात. कळा दाबणारी पुष्कळ प्रथिने त्यांच्याकडेही सापडतात, म्हणजे ती प्राण्यांपेक्षा जुनी. पण या भाऊबंदांपैकी ज्यांची तपासणी झाली, त्यांच्या कळा जनुकाला खेटूनच आढळल्या. दुरून चालणाऱ्या कळांचा पसारा, आजवरच्या अभ्यासावरून दिसते त्याप्रमाणे, पेशी एकत्र राहून कामे वाटून घेऊ लागल्या तेव्हा वाढला. एकीने यकृत व्हायचे, दुसरीने कातडी. एकदा अशी वाटणी झाल्यावर एकटीने सगळे करायची सोय उरली नाही. अर्जदार त्या एकपेशीय मंडळींत जन्मली असती तर तिने ही खोली आभारासह स्वीकारली असती.

५. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने 'सोबत' मागितली होती. भांडार विभागाच्या यादीत तशी वस्तू नसल्याने सर्वांत जवळची वस्तू म्हणून एक जादा खुर्ची मंजूर झाली. दोन हमाल ती घेऊन आले, तेव्हा अर्जदाराने त्यांना चहा विचारला. त्यांना घाई होती. आता तीच खुर्ची वापरात नाही म्हणून परत मागितली जात आहे. खुर्ची वापरात नाही हे खरे आहे.

६. मागच्या महिन्यात सुट्टीला जोडून आलेल्या सोमवारी अर्जदाराच्या बहिणीचा फोन आला. दोन-तीन दिवस कोणाशी बोलणे झाले नसल्याने अर्जदाराच्या घशातून आवाजच फुटेना. बहीण "कोण बोलतंय? ताई आहे का तिथे?" असे विचारत राहिली आणि तिने फोन ठेवला. अर्जदाराने नंतर फोन करून यंत्र बिघडल्याचे सांगितले. मग तिने काकांना फोन केला. त्यांनी "जेवलीस का?" एवढेच विचारले. त्यांना मुलाच्या घरी स्वतंत्र खोली आहे. सगळी माणसे सकाळी कामावर जातात. पूर्वी ज्यांना थांबवण्यासाठी अर्जदाराला खोकावे लागे, त्यांना आता बोलायला काही सुचत नव्हते. अर्जदाराला, म्हणजे मला, फोन ठेवल्यावर रडू आले.

७. सबब विनंती की, अर्जदाराचे टेबल मोठ्या प्रयोगशाळेत हलवावे आणि तंतुपेशींचे काम पुन्हा सुरू करावे. काकांना मानधनावर आठवड्यातून एक दिवस बोलावता आले तर एकट्या पडलेल्या दोन डिश एकदमच वाचतील. तेवढी जागा नसल्यास लेखा विभागाच्या कोपऱ्यात, तिथेही नसल्यास जिन्याजवळ झेरॉक्स यंत्रापाशी टेबल मिळावे. यंत्र सारखे अडकते आणि लोकांना तिथे थांबावे लागते. बढती परत घेतली तरी चालेल. पाटी मी स्वतः काढून आणून देईन.

यांपैकी काहीच शक्य नसल्यास नकार टपालाने पाठवू नये. अर्जदारास आपल्या कार्यालयात बोलावून तो तोंडी द्यावा, आणि शक्य असेल तर सविस्तर द्यावा. आधी कितीही वेळ बाहेर बसावे लागले तरी हरकत नाही.

उत्तराची नव्हे, बोलावण्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
वरिष्ठ संशोधक, यकृतपेशी विभाग
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. बाटलीवरची चिकटपट्टी, मूळ प्रत. मजकूर : "ओतू नका, हिच्या लेकींचं आहे." पाहून परत मिळावी.
२. खुर्ची, नग एक. भांडारात जमा न करता कृपया आपल्या टेबलासमोर ठेवावी. अर्जदार आली की तिच्यावर बसेल.