मानेखालची दोन अक्षरं

आचरा, सोमवार संध्याकाळ

तीस वर्षं पदकांचे पोलादी साचे कोरतोय, आणि आज हे! परवा वाचलेल्या एका पुस्तकातला दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन पदककार प्रत्येक चेहऱ्याच्या मानेखाली आपल्या नावाची दोन अक्षरं सोडायचा. म्हटलं, निवृत्त हेडमास्तरांच्या सत्कारात वाटायच्या पदकांवर त्यांचा चेहरा आहे, तिथे मीही सोडतो. मानेखाली, बारीक.

पहिलं पदक छापलं, तर अक्षरं उलटी! साच्यात उलटं कोरलं तरच पदकावर सुलट येतं, हे मला कुणी सांगायला हवं? अख्ख्या गावाची नावं बिनचूक कोरली. स्वतःचं पहिल्यांदाच, हात सही केल्यासारखा सरळ धावला.

बायको म्हणाली, "घासून टाका. कोण बघतलो?"

साच्यात खोल गेलेलं पुसता येत नाही. सत्कार परवा, नवा साचा कोरायला वेळ नाही. आता प्रत्येक पदकावरच्या मानेखालून माझं नाव मीच घासून काढायचं.