फळ्यावरचे अठरा दिवस

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार

सव्वादोन वर्षं या वहीत एक अक्षर नाही. माफी मागायची तर कागदाचीच — मागतो. संध्याकाळी पेन धरण्याच्या स्थितीत मी नसायचोच. आज शुद्धीत आहे, तर हात कापतोय.

आज व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालो. बेलापूरजवळ बैठी इमारत, दहा खाटा. अरुणा सोबत होती. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात तिने 'पत्नी' लिहिलं आणि पेन तसंच धरून बसली.

तुर्भ्याच्या कारखान्यात सतरा वर्षं केमिस्ट आहे मी. साहेबांनी शेवटचं बजावलंय — "तीस दिवस पूर्ण केल्याचा कागद घेऊन पाच मार्चला या. नाहीतर येऊच नका."

४ फेब्रुवारी

लिहवत नाही.

७ फेब्रुवारी

आज चहाचा कप एका हातात धरला!

शेजारच्या खाटेवर हिरामण आहे. पूर्वी मिठागरात होता. इथे येण्याची ही तिसरी खेप. माझे हात बघून म्हणाला, "कापतान त कापू दे, साहेब. माजं त जेवनाचं ताट उडालं व्हतं, सगली डाल सिस्टरच्या आंगावं!" पलीकडून झहूर — कळंबोलीचा ट्रक ड्रायव्हर — "मी तर डॉक्टरला क्लीनर समजलो. म्हटलं, काच पुस रे!"

हसलो. न पिता शेवटचा कधी हसलो होतो, आठवेना.

पहिल्या दिवशी मनात आलं होतं — ही माणसं आणि मी? बी.एस्सी. झालेला? तीन दिवस हिरामणने मला धरून संडासापर्यंत नेलं. लाज वाटते त्या विचाराची.

१० फेब्रुवारी

इथली पद्धत. भिंतीवर फळा, प्रत्येकाच्या नावापुढे न पिता काढलेले दिवस. रोज सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये आकडा बदलतो. प्यायला की पुन्हा एकपासून. रजेवरून परतलेल्याच्या तोंडाचा वास डॉक्टर घेत नाहीत, आपल्यातलाच एक घेतो. सध्या ते काम हिरामणकडे.

माझे आठ.

१६ फेब्रुवारी, रविवार

दहा ते सहा घरची रजा. वाशीला गेलो. वैशालीने दार उघडलं आणि आधी माझे डोळे पाहिले. मग "या बाबा" म्हणाली. बारावीची परीक्षा जवळ आलीय. पुस्तक छातीशी धरलेलं.

अरुणाने वालाचं बिरडं केलं होतं. पोटभर जेवलो. नंतर तिने दोन चमचे द्राक्षासव दिलं — "किती खंगलात हो." आसवात अल्कोहोल असतं हे मला ठाऊक. पण तिचा हात पुढे आलेला. घेतलं.

सहाला परत. हिरामणने नाक जवळ आणलं.

"साहेब, वास हाय."

सांगितलं त्याला.

"वैनीनी दिला?"

"हो."

"मंग ताईंना सांगाला लागंल."

१७ फेब्रुवारी

मीटिंग घेणाऱ्या स्मिताताईंनी सरळ विचारलं, "नंदकुमार, तुम्ही केमिस्ट. तुम्हाला माहीत नव्हतं?"

म्हटलं, "माहीत होतं. तिचं मन मोडवेना."

झहूर उसळला. "ताई, बायकोनं प्रेमानं दिलं! आमच्या घरी पाणीसुद्धा आपटून देतात." सगळे हसले. एकेक जण माझ्या बाजूने बोलला. हिरामण तेवढा बोलला नाही. ताईंनी आकडा कायम ठेवला — पंधरा. अट एक: गुरुवारी अरुणाने यायचं, समजून घ्यायचं.

टाळ्या वाजल्या. एवढी माणसं माझ्यासाठी भांडली! मी खाली फरशीकडे बघत राहिलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

अरुणा आली. वाशीहून उन्हातून, दोन बस बदलून. स्मिताताई तिच्याशी मऊपणेच बोलल्या — आसव, खोकल्याचं औषध, काहीही देताना विचारायचं. तुमचा हेतू चांगला होता, पण तीस दिवस वेळेत भरले नसते, नोकरीसुद्धा गेली असती.

अरुणाने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. चुकलं माझं. पुन्हा नाही देणार."

"नाय नाय वैनी," हिरामण म्हणाला, "तुमाला काय म्हाईत."

फाटकापर्यंत सोडायला गेलो. एवढंच बोलली — "वैशालीचा अभ्यास आहे. पुढच्या रविवारी मला भेटायला येणं जमणार नाही." बस येईपर्यंत दोघंही रस्त्याकडे बघत होतो.

फळ्यावर अठरा.

२१ फेब्रुवारी

अरुणाने मला काहीही दिलं नव्हतं. ती दूध आणायला खाली गेली होती. द्राक्षासव तिचं — तिच्या अशक्तपणासाठी वैद्यांनी दिलेलं. कपाटासमोर उभ्या उभ्या अर्धी बाटली प्यायलो आणि वरून पाणी भरून ठेवली. वर आल्यावरही तिला काही कळलंच नव्हतं. काल सगळ्यांसमोर कळलं. आणि तिने गुन्हा अंगावर घेतला.

या वहीतही मी खोटं लिहिलं. इथे कोण वाचणार होतं?

उद्या दहाच्या मीटिंगमध्ये हे पान मोठ्याने वाचायचं.